हत्तिणीच्या पोटाखालचे पाय

अंबरपेठ, हैदराबाद
भाद्रपद वद्य पंचमी (तारीख बघायला उठले तर चहा उतू जाईल, म्हणून तिथीवर भागवते)

सौ. विहीणबाई अनुराधाताई यांना,

मालनबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, तुम्ही रागावल्या आहात तेवढं सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजायचा तो वाजतो का थांबला? हेमंतराव पर्वतीला चालायला जातात की नुसते बूट घालून गॅलरीत बसतात? गौरीच्या आधी काराळ्याची चटणी पाठवली होती, तिची पोच आली नाही. रागावलेलं माणूस पोच देत नाही, पण चटणी खातं, हे मला माझ्या नणंदेवरून माहीत आहे, तेव्हा मी मनाला लावून घेतलं नाही. डबा मात्र राखून ठेवा, झाकण घट्ट बसणारे डबे हल्ली मिळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर विहीणबाई, मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तुम्ही "कुकर लावलाय" म्हणून ठेवून दिला. तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ एवढे कुकर पुण्यात दोन माणसांना लागत असतील तर मला काही म्हणायचं नाही. पत्र असं ठेवून देता येत नाही. ठेवलं तरी नंतर कुणी नाही बघून उघडावंसं वाटतंच. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा उदगीरला, पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गात, म्हणून जिथं अक्षर वेडंवाकडं येईल तिथं अर्थ सरळ लावून घ्यावा. आणखी एक सोय आहे. हे पत्र आमच्या घरात कुणी वाचणार नाही. विकास इथंच जन्मला, इथंच शिकला, मराठी वाचतो ते तांदळातले खडे वेचल्यासारखं, दोन ओळींत थकतो. नातीला, निशिगंधेला, अजून क ख ग तेवढं येतं. अपर्णाला येतं सगळं, पण ती दुसऱ्याचं पत्र उघडत नाही. (ते वळण तुमचं. मी दोन वेळा मुद्दाम उघडं टाकून पाहिलं आहे.)

आता मुद्द्याचं. निशिगंधेने आईच्या फोनवरून फोटो काढला आणि तुमच्या चेहऱ्यावर बोट दाबून तुम्हाला धाडून दिला. सहा वर्षांची पोर, तिला कौतुक वाटलं. फोटोत आमची मोठी गाडी आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. तळवे काळे माखलेले. अंगावर गेल्या दिवाळीला तुम्हीच अपर्णाला आणलेली हळदी रंगाची सलवार. आणि पायात जोडवी नाहीत. तुम्ही फोटो बघताच फोन केला आणि अपर्णाला जे बोललात ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. (मी कान देत नव्हते. तुमचा आवाजच दणदणीत आहे, देव राखो.) तुम्ही म्हणालात, इंजिनियर करून दिलेली मुलगी यांनी गाडीखाली घातली. तुम्ही म्हणालात, जोडवीसुद्धा काढून ठेवलीस, सवाष्ण आहेस का कोण आहेस. आणि शेवटी म्हणालात, तो पाना हातातून टाक, नाहीतर या दिवाळीला मी हैदराबादला पाऊल ठेवणार नाही. अपर्णा "हं" म्हणाली, परत "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्टूल घेतलं आणि हत्यारांची पेटी माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे सारून दिली. आज आठ दिवस पेटी तिथं आणि पोरीचं तोंड इथं, उतरलेलं. त्या पायांबद्दल मी लिहिणारच आहे, पण आधी गाडीबद्दल लिहायला पाहिजे, नाहीतर पायांचा काही अर्थ लागणार नाही.

गाडीला हे लोक एसयूव्ही म्हणतात. मी हत्तीण म्हणते. विकासने घेतली तेव्हा मी म्हटलं, दोन माणसांना एवढी कशाला, आपल्याला काय लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय? पण आता आठ वर्षं झाली, आमच्या घरचंच जनावर झाली आहे ती. गल्लीत वळताना आधी श्वास घ्यावा लागतो एवढी रुंद, आणि जमिनीपासून वीतभर उंच. ही वीत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. तर मागच्या वर्षी ती एका गॅरेजातून तेल-पाणी करून आली. (गॅरेजचं नाव घेत नाही, माणसं पोटासाठी करतात.) अपर्णा म्हणाली, "आई, बघू तरी खरं केलंय का." तिने पुढचं झाकण उघडलं, त्याला दांडी लावली आणि आतून एक लांब काडी ओढून काढली. काडी म्हणजे लोखंडी पट्टी हो, उदबत्तीपेक्षा थोडी जाड, वर पिवळी कडी. फडक्याने पुसली, परत खोचली, परत काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वर गेलं तरी वाईट, खाली गेलं तरी वाईट. आमचं तेल खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला नुसतं चाटून आलेलं. मी बघत राहिले. एवढा मोठा हत्ती, त्याचं सुखदुःख एका काडीवर लिहिलेलं, आणि सात वर्षांत आमच्यापैकी एकानेही ती काडी ओढून बघितली नव्हती! माणसाचंसुद्धा असं पाहिजे होतं. कानामागून काडी ओढली, पुसली, बघितली: आज सून जरा कमी आहे, आज विहीणबाई वरच्या खुणेच्या वर गेल्यात.

त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी, गाडी गार असताना, सपाट जागेवर, आमची तपासणी चालू झाली. अपर्णाने मला एकेक दाखवलं. एक डबी कूलंटची, त्यात गुलाबी पाणी, ते इंजिन थंड ठेवतं. (गरम गाडीत ती उघडायची नाही, कुकरसारखी अंगावर येते. हे मला एकदाच सांगावं लागलं, मी कुकरला भ्यालेली बाई आहे.) एक डबी ब्रेकच्या तेलाची, ती लहान, पण तिच्यावर सगळ्यांचा जीव. एक काच धुवायच्या निळ्या पाण्याची, त्यात चूक झाली तरी कुणी मरत नाही, म्हणून ती डबी माझ्याकडे दिली. प्रत्येकाचं झाकण वेगळं, रंग वेगळा, वास वेगळा. एकाचं दुसऱ्यात गेलं तर सत्यानाश. मला तर मिसळणाचा डबाच उघडल्यासारखं वाटलं, फक्त हा कुणीतरी विश्वकर्म्याने भरलेला. तेल मी दोन बोटांत धरून बघते. पाक एकतारी झाला का दोनतारी हे ज्या बोटांना पन्नास वर्षं कळतंय त्यांना तेल दमलेलं कळणार नाही का? एका शनिवारी मी म्हटलं, "अपर्णा, हे तेल थकलं. पातळ लागतंय आणि कचकचतंय." तिने गाडीतले आकडे बघितले आणि म्हणाली, "आई, दहा हजार किलोमीटर झाले. पुण्याला नऊ वेळा जाऊन आल्यासारखं." नऊ वेळा पुणं! आणि त्यातून तुमच्याकडे आम्ही फक्त एकदा आलो, ही चूक आमची.

तर ठरलं, या वेळी तेल घरीच बदलायचं. सामान आणायला आम्ही दोघी गौलीगुड्याला गेलो, बसस्टँडच्या मागे पान्यांची दुकानं आहेत तिथं. दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, मिक्सर का जार अगली दुकान में." मी म्हटलं, मिक्सर नक्को, इंजन का तेल, फिल्टर, और नीचे के नट का वायसर. तो उठूनच उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री को भेजो ना अम्मा, तुम कायकू परेशान होते?" मी अपर्णाकडे बोट दाखवलं. म्हटलं, "मिस्त्री यहीच खडी है." विहीणबाई, तुमच्या मुलीने मग त्याला गाडीचं वर्ष, तेलाचा नंबर, फिल्टरचा नंबर असं काही धडाधड सांगितलं की तो दोन्ही हातांनी सामान काढून द्यायला लागला आणि तिला 'मॅडम' म्हणायला लागला. मला 'अम्मा'च म्हणत होता, पण आवाज बदलला होता. मी चारचौघांत उभी होते आणि माझी छाती फुगली होती. लग्नात तुम्ही दिलेल्या सोन्याने सुद्धा फुगली नव्हती एवढी.

तो शुक्रवार होता, मुद्दाम. अपर्णाला सुट्टी शनिवारी, ती म्हणत होती शनिवारीच जाऊ, आणू आणि करू. मी ऐकलं नाही. शनिवारी घरात तेल विकत आणत नाहीत, मग ते शेंगदाण्याचं असो की इंजिनाचं. ती हसली. म्हणाली, "आई, मग शनिवारी बदललेलं चालेल का?" मी रात्रभर विचार केला. (रात्रभर म्हणजे झोप लागेपर्यंत.) आणि मला उमगलं की शनिवारी तेल आणू नये, पण वाहायला शनिवारसारखा वार नाही! मारुतीला आपण शनिवारीच तेल वाहतो ना? म्हणजे शास्त्र आमच्या बाजूनेच होतं, नुसतं नीट बघायला पाहिजे होतं. ही तोड काढल्यावर अपर्णाने मला मिठी मारली. ऑफिसातल्या साहेबाला पण एवढं डोकं नाही म्हणाली.

गौरी उठल्या त्याच्या नंतरच्या शनिवारी मुहूर्त लागला. विकास कामासाठी विजयवाड्याला गेलेला, म्हणजे अडथळा नव्हता. आधी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली. तेल कोमट झालं की सळसळ उतरतं, थंडीत खोबरेल उन्हात ठेवतो तसंच. चाकाच्या मागे पुढे विटा लावल्या. अपर्णाने बजावलं की जॅकवर गाडी उचलायची आणि खाली शिरायचं असं कधीच करायचं नाही, जॅक सरकला की संपलं. हत्तीण उंच आहे, न उचलता खाली जाता येतं, फक्त माणूस बेताचा पाहिजे. इथं मला एक सांगायचंच आहे. लग्नात मांडवात तुम्ही माझ्या हातात हात देऊन म्हणाला होतात, "आमची पोर फार नाजूक आहे, सांभाळा." विहीणबाई, सांभाळली. ब्लाउजांची शिवण दोनदा उसवून सोडली आहे. देवाच्या दयेने पोर अशी भरली आहे की बघत राहावं.

तर चटई घातली. खाली पाना लावला आणि नट काही हलेना. गॅरेजातल्या कुणी जीव खाऊन आवळलेला. उताणं पडलं की डावं उजवं उलटं होतं, त्यामुळे पहिले दोन झटके आम्ही नट आणखी घट्टच करत होतो. (हे गौलीगुड्याच्या माणसाला कळता कामा नये.) शेवटी खलबत्त्याचा बत्ता आणला आणि पान्याच्या दांडीवर तीन ठोके. चौथ्याला 'कट्' असा आवाज आला, तुमच्या गुडघ्यासारखा, आणि नट सुटला. मी पण वाकून खाली पाहिलं. काय सांगू! वरून आपण बघतो ती नुसती साडी असते हो. खाली सगळा संसार. नळ्या, सळया, पन्हाळी, एक लांबलचक दांडा पुढून मागे गेलेला, त्याला धरून सगळं एकमेकांत अडकवलेलं, आणि इतकी धूळ, इतका चिखल, तरी काम चालूच. कुणी बघत नाही, कुणी पुसत नाही, तरी वरच्या लोकांना गार हवा आणि गाणी. मला एकदम माझी आई आठवली.

आणि आणखी एक आठवलं. आमच्या बापूंची बैलगाडी होती. तिच्या मागे वंगणाचा नळा लटकायचा, एरंडेल आणि काजळीचं काळं वंगण. लांबच्या गावाला निघायच्या आधी बापू चाक काढायचे आणि आसाला वंगण द्यायचे. भावांना ते काम मिळायचं. मी सात वर्षांची, एकदा बोट बुडवलं, तर आजीने हातावर चापट मारली, "पोरीनं आसाला हात लावू नये, गाडी मोडते." मी तेव्हापासून लावला नाही. त्रेसष्ट वर्षं लावला नाही. आणि आता सांगते, हात लावल्याने काही मोडत नाही. उलट चालते.

आता संकटाचं. तेल धरायला खाली भांडं ठेवलं होतं. मला वाटलं तीन-चार लिटर निघेल, आपल्या डोळ्यासमोर तेल म्हणजे भजी तळायचं. निघालं सहाच्या वर! काळी धार, मनगटाएवढी, थांबायलाच तयार नाही. भांडं भरलं, काठावर आलं, सांडलं आणि उताराने निघालं समोरच्या वरलक्ष्मम्मांच्या दाराकडे. त्यांनी सकाळीच दारात मुग्गू घातलेला (मुग्गू म्हणजे यांची रांगोळी, पण आपल्यापेक्षा चौपट). तेल कमळाच्या दोन पाकळ्या खाऊन तिसरीकडे वळलं तेव्हा त्या बाहेर आल्या. "अय्यो अय्यो! मालनम्मा, ये क्या बहा दिए? पूरा मुग्गू खराब!" मी घरात पळाले, माझ्या रांगोळीचा अख्खा डबा आणला आणि तेलावर पालथा केला. रांगोळी तेल पिते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, भीतीने शिकवलं. वरलक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. मग त्या आत गेल्या, मला वाटलं मुलाला बोलावतात. त्या लाकडाच्या भुश्शाची पिशवी घेऊन आल्या, स्वतः बसून तेल टिपलं, आणि गाडीखाली वाकून दहा मिनिटं बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "हमारी स्कूटी का भी कब देखते?"

मग फिल्टर बदलला, जुना वायसर टाकून नवा घातला, नट बेताने आवळला. काळं तेल डब्यात भरून ठेवलं. मला ते दारांच्या बिजागऱ्यांना आणि वाळवीला ठेवायचं होतं, पण अपर्णा म्हणाली ते जमिनीत जिरवायचं नाही, नालीत सोडायचं नाही, जुनं तेल घेणाऱ्याकडेच द्यायचं. बरं, दिलं. आणि मग वरून नवं तेल. माझं नरसाळं धुऊन पुसून आणलं. अपर्णाने डबा कलता केला आणि विहीणबाई, मी पदर डोक्यावर घेतला, आपोआप. सोनं हो सोनं! पुरणपोळीवर तूप पडतं तशी धार, उन्हात चमकणारी, आवाज न करता आत चाललेली. एवढी सुंदर वस्तू आणि ती जाणार काळोखात, कुणाला न दिसता झिजायला. थोडं थांबून पट्टी काढली. बरोबर दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या अंगाला. गाडी चालू केली तर आवाज असा, जेवून तृप्त झालेल्या माणसाच्या ढेकरानंतर येतो तसा. अपर्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. म्हणाली, "आई, ऑफिसात मी दिवसभर काम करते आणि संध्याकाळी हातात काहीच नसतं. आज हे आहे." आणि तिने तिचे काळे झालेले हात मला दाखवले. सात वर्षं पोर माझ्या घरात आहे, तिचा असा चेहरा मी निशिगंधा झाली त्या दिवशी पाहिला होता, आणि आता.

मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात तुमचा फोन आला.

विहीणबाई, मी भांडायला लिहीत नाही. तुमची मुलगी, तुमचा जीव तुटतो, मला कळतं. पण तुम्ही म्हणालात की आम्ही तिला या कामाला लावलं. तिला कुणी लावलं नाही हो, तिने आम्हाला लावलं. येत्या खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात. आमच्याकडे गेली अकरा वर्षं मी नुसती विळी, सुरी आणि विकासचा लॅपटॉप पुजते. यंदा मी मनात धरलं होतं की तिच्या पेटीतला एकेक पाना पाटावर मांडायचा, हळदकुंकू लावायचं आणि हत्तिणीच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा. पेटी माळ्यावरून खाली येते की नाही हे तुमच्या एका फोनवर आहे. एवढंच म्हणा की "कर बाई, पण जपून." आणि दिवाळीला या. हत्तीण स्टेशनवर आणायला पाठवते, नव्या तेलाची.

हेमंतरावांना नमस्कार. काही कमी-जास्त लिहिलं असलं तर चौथी पास समजून पोटात घाला.

तुमची विहीण,
मालनबाई

ता. क. काळं तेल ज्या भांड्यात धरलं ते कुठलं हे वर लिहिलं नाही. ती तुमच्या रुखवतातली मोठी परात होती, "चि. अपर्णास सप्रेम, हेमंत-अनुराधा" कोरलेली. घाईत तीच हाताला लागली. तेल काठावर आलं तेव्हा सगळ्यात आधी हेमंतराव बुडाले, मग तुम्ही. राखेने सहा वेळा घासली आहे. नावं आता लग्नात होती त्याच्यापेक्षा ठळक दिसतात, अक्षरांत काळं बसलंय. कणीक मात्र त्यात मळत नाही.

दुसरा ता. क. आता पाय. लिहिते लिहिते म्हणत टाळत आले, पण पान संपत आलं. विहीणबाई, ते पाय माझे. वर "वाकून पाहिलं" असं लिहिलंय ते खोडायला पाहिजे होतं, पण कागद चांगला आहे, खाडाखोड नको. मी वाकले नव्हते, चांगली अर्धा तास आडवी पडले होते. वीतभर जागेत तुमची मुलगी मावेना (म्हणून भरल्याचं सांगितलं), आणि मी पडले काटकुळी. लुगड्याने खाली जाता येईना, म्हणून तुम्ही दिलेली तिची हळदी सलवार घातली. पायात जोडवी नाहीत कारण हे जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांच्याबरोबरच ती उतरली. अपर्णाची जोडवी तिच्या पायात आहेत, ती ऑफिसला बुटातसुद्धा घालून जाते. गेल्या साली मी लोणच्याची बरणी काढताना स्टुलावरून पडले होते, तेव्हापासून विकासने मला पाटावर सुद्धा उभं राहायची बंदी केली आहे. त्याला कळलं असतं तर पेटी माळ्यावर नाही, भंगारात गेली असती. म्हणून मी अपर्णाला माझ्या गळ्याची शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. तिने नाही सांगितलं. तुम्ही जोडव्यांवरून बोललात, सवाष्णपणावरून बोललात, तिने "हं" म्हटलं आणि माझ्यासाठी ऐकून घेतलं. अशी मुलगी वाढवलीत आणि वर तिलाच रागावलात. आता शपथ मीच मोडते. ज्याने घातली त्याने मोडली तर पाप लागत नाही, हे पण मी शनिवारसारखंच शोधून काढलं आहे.

तिसरा ता. क. खरं काम राहिलंच. सलवार पान्याच्या टोकात अडकून मांडीपर्यंत फाटली. पुढच्या वेळेला काय घालू? तुम्ही दिवाळीला मला दरवर्षी आहेराची साडी आणता, यंदा आणू नका. हेमंतराव माझ्याच अंगाचे आहेत. त्यांची एखादी जुनी पँट आणा. खिसे मोठे असले तर बरं, पाना ठेवायला.

चौथा ता. क. पँट कुठं गेली म्हणून त्यांनी विचारलं तर सांगा, बोहारणीला दिली. खोटं होणार नाही. बोहारीण जुन्या कपड्यावर भांडं देते ना? येताना पँट आणा, जाताना तुमची परात घेऊन जा.